शेजाऱ्याच्या भरवशावरची बचत

१७ नोव्हेंबर २०२५ च्या संध्याकाळी ओटावात कॅनडाच्या संसदेने अर्थसंकल्प मंजूर केला, तो १७० विरुद्ध १६८ मतांनी. सत्ताधारी लिबरल पक्षाकडे स्वतःचं बहुमत नव्हतं. अर्थसंकल्प पडला असता तर सरकारही पडलं असतं, आणि निवडणूक होऊन सात महिनेही झाले नसताना लोकांना ऐन थंडीत पुन्हा मतदानाला जावं लागलं असतं. डाव्या न्यू डेमोक्रॅटिक पक्षाच्या सात खासदारांपैकी पाच जणांनी विरोधात मत दिलं, दोघे तटस्थ राहिले. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या दोघांची मतं पडलीच नाहीत. ग्रीन पक्षाच्या एकमेव खासदार एलिझाबेथ मे शेवटच्या घटकेला सरकारकडे वळल्या. सरकार पाडायचं कोणालाच नव्हतं, पण वाचवल्याचा ठपकाही कोणाला नको होता.

तटस्थ राहिलेल्यांपैकी एक होत्या लोरी इडलाउट. त्यांचा मतदारसंघ म्हणजे सबंध नुनावुट. क्षेत्रफळ भारताच्या निम्म्याहून जास्त आणि वस्ती जेमतेम चाळीस हजारांच्या आसपास. बर्फाच्या त्या मुलखात रस्ते, बंदरं आणि धावपट्ट्या बांधण्यासाठी अर्थसंकल्पात एक अब्ज डॉलरचा निधी होता. आर्क्टिकमध्ये रशियावर नजर ठेवायची तर विमान उतरायला जागा हवी, आणि तिथल्या माणसांना इस्पितळ गाठायलाही तीच जागा हवी. एकाच धावपट्टीची ही दोन कामं ध्यानात ठेवली, तर त्या तटस्थतेचं गणित समजायला सोपं जातं.

अर्थमंत्री फ्रान्स्वा-फिलिप शॅम्पेन यांनी मांडलेल्या या अर्थसंकल्पात २०२५-२६ या वर्षाची तूट होती ७८.३ अब्ज डॉलर. कॅनडाचा डॉलर साठ-पासष्ट रुपयांचा धरला, तर ही रक्कम पाच लाख कोटी रुपयांच्या जवळ जाते. कोविडचा काळ सोडला तर एवढी मोठी तूट त्या देशाने पाहिली नव्हती. आणि ती आणणारे पंतप्रधान कोण? मार्क कार्नी. आधी कॅनडाच्या आणि मग इंग्लंडच्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर. बँक ऑफ इंग्लंडच्या तीनशेहून अधिक वर्षांच्या इतिहासात त्या खुर्चीवर बसलेला पहिला परदेशी माणूस. आयुष्यभर दुसऱ्यांना काटकसर शिकवलेल्या बँकरने सत्तेत येताच हात सैल सोडावा, याची विरोधकांनी खिल्ली उडवली ते साहजिकच होतं. पण एवढा खर्च का होतो आहे, याचं उत्तर कार्नींच्या स्वभावात शोधून मिळत नाही. त्यासाठी तीस वर्षं मागे जावं लागतं.

१९९५ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीट जर्नलने अग्रलेखात कॅनडाला तिसऱ्या जगाचा मानद सदस्य ठरवलं. टोमणा जिव्हारी लागला, कारण त्यात तथ्य होतं. सरकारकडे जमा होणाऱ्या प्रत्येक डॉलरमागे पस्तीसेक सेंट नुसत्या व्याजात जात होते. संघीय कर्ज देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दोन तृतीयांशांवर पोचलं होतं. पंतप्रधान होते ज्याँ क्रेतियें आणि अर्थमंत्री पॉल मार्टिन. २७ फेब्रुवारी १९९५ ला मार्टिन यांनी जो अर्थसंकल्प मांडला, त्याची आठवण कॅनडातले जुने सरकारी नोकर अजून काढतात. पंचेचाळीस हजार सरकारी पदं कमी करायचं ठरलं. पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांना गहू बंदरापर्यंत स्वस्तात नेता यावा म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलेली रेल्वेभाड्याची सवलत बंद झाली. सरकारी मालकीची कॅनेडियन नॅशनल रेल्वे त्याच वर्षी विकली गेली. प्रांतांना आरोग्य-शिक्षणासाठी मिळणारा पैसा कापला, तेव्हा प्रांतांनी इस्पितळातल्या खाटा कमी केल्या.

औषध कडू होतं, पण लागू पडलं. १९९७-९८ पासून सलग अकरा वर्षं कॅनडाच्या अर्थसंकल्पात शिल्लक राहिली, आणि २००८ च्या सुमारास कर्जाचं उत्पन्नाशी प्रमाण तीस टक्क्यांच्या खाली आलं. जगभरचे अर्थतज्ज्ञ हा दाखला देऊ लागले. त्या कौतुकात दोन गोष्टी मात्र कोणी फारशा ठळकपणे सांगत नाही. एक म्हणजे ज्या खात्यांना कात्री लागली, त्यांत लष्कर होतं. दुसरी म्हणजे सरकार खर्च कापत असताना मंदी आली नाही, कारण त्याच काळात कॅनडाचा माल अमेरिकेत धो धो खपत होता. दोन्ही देशांमधला मुक्त व्यापाराचा करार १ जानेवारी १९८९ पासून अमलात आला होता, कॅनडाचा डॉलर पडलेला होता, आणि अमेरिकेची अर्थव्यवस्था तेजीत होती. रक्षणाला अमेरिका आणि गिऱ्हाईकही अमेरिका. कॅनडाची बचत अशी शेजाऱ्याच्या भरवशावर उभी राहिली.

लष्कराला लागलेल्या कात्रीची सर्वांत बोलकी गोष्ट हेलिकॉप्टरांची आहे. नौदलाकडची सी किंग हेलिकॉप्टरं १९६३ पासून सेवेत होती. ब्रायन मलरोनी यांच्या सरकारने १९९२ मध्ये त्यांच्या जागी युरोपी बनावटीची ईएच-१०१ घ्यायचं ठरवलं. (पुढे याच जातीच्या ऑगस्टा वेस्टलँड हेलिकॉप्टरांच्या खरेदीवरून भारतात केवढा गदारोळ झाला, ते वाचकांना आठवत असेल.) १९९३ च्या निवडणुकीत क्रेतियें यांनी ही खरेदी म्हणजे चैन असल्याचा प्रचार केला. तोवर पंतप्रधान झालेल्या किम कॅम्पबेल त्याआधी संरक्षणमंत्री होत्या, त्यामुळे हेलिकॉप्टरं त्यांच्याच गळ्यात आली. त्यांच्या पक्षाचा असा धुव्वा उडाला की बहुमतातला पक्ष दोन जागांवर आला. सत्तेवर येताच क्रेतियें यांनी करार रद्द केला आणि त्यापोटी सुमारे पन्नास कोटी डॉलर भरले, म्हणजे पैसे गेले आणि हाती एक पंखाही आला नाही. गंमत पुढेच आहे. १९९८ मध्ये त्याच सरकारने शोध आणि बचावकार्यासाठी पंधरा हेलिकॉप्टरं विकत घेतली, आणि ती होती ईएच-१०१ च्याच घराण्यातली. नौदलाच्या वाट्याला मात्र जुनी सी किंगच राहिली. शेवटची निवृत्त झाली २०१८ च्या डिसेंबरात, पंचावन्न वर्षांच्या नोकरीनंतर.

पाणबुड्यांची कथा फारशी वेगळी नाही. १९९८ मध्ये ब्रिटनने मोडीत काढलेल्या चार पाणबुड्या कॅनडाने स्वस्त पडतात म्हणून घेतल्या. त्यांतली शिकूटिमी २००४ मध्ये ताब्यात घेऊन घरी आणतानाच अटलांटिकमध्ये पेटली आणि एका अधिकाऱ्याचा जीव गेला. २०२५ च्या जूनमध्ये कार्नींनी स्वतःच कबूल केलं की चारपैकी एकच पाणबुडी समुद्रात जाण्याच्या अवस्थेत आहे. २०१४ च्या आसपास कॅनडाचा संरक्षणखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या घरात आला होता. नाटोमध्ये ठरलेलं प्रमाण होतं दोन टक्के. तेव्हा सरकार होतं स्टीफन हार्पर यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचं, म्हणून याचं पाप एकट्या लिबरलांच्या माथी मारता येत नाही. तूट कमी करून दाखवायची असेल तेव्हा पाणबुडी हा सोयीचा बळी असतो. तिचा मतदारसंघ नसतो.

एवढी वर्षं हे खपलं, कारण आकाश राखायला नोराड ही दोन देशांची संयुक्त यंत्रणा होती. तिचा प्रमुख नेहमी अमेरिकन आणि उपप्रमुख कॅनेडियन असतो. शेजाऱ्याने कुरकुर केली, पण दार कधी लावलं नाही.

२०२५ मध्ये ते लावायची भाषा सुरू झाली. डोनाल्ड ट्रम्प यांनी कॅनडा हे अमेरिकेचं एक्कावन्नावं राज्य व्हावं असं वारंवार म्हटलं आणि मार्चमध्ये आयातशुल्काचा बडगा उगारला. उत्तर अमेरिकेतल्या व्यापारकराराच्या नियमांत बसणारा माल त्यातून लगेच वगळला गेला, पण पोलाद आणि ॲल्युमिनियमवर आधी २५ आणि जूनपासून ५० टक्के शुल्क बसलं. मोटारींवर २५ टक्के बसलं. कॅनडाची सुमारे तीन चतुर्थांश निर्यात एकट्या अमेरिकेला जाते, कच्चं तेल तर नव्वद टक्क्यांहून अधिक. ऑन्टारिओ प्रांताच्या सरकारी दारूदुकानांनी अमेरिकी बाटल्या फडताळांवरून उतरवल्या, किराणा दुकानांत देशी मालावर मेपलच्या पानाच्या खुणा झळकल्या. लोकांचा राग खरा होता. पण बर्बन न पिता पोलाद विकलं जात नाही.

या रागाने राजकारण मात्र उलटंपालटं केलं. डिसेंबर २०२४ मध्ये अर्थमंत्री क्रिस्टिया फ्रीलंड यांनी अर्थसंकल्पाचा आढावा मांडायच्या दिवशीच राजीनामा दिला होता. तूट ४० अब्जांवर रोखण्याचा शब्द होता, ती ६१.९ अब्जांवर गेली होती. जानेवारीत जस्टिन ट्रूडो यांनी पायउतार व्हायचं जाहीर केलं. जनमत चाचण्यांत कॉन्झर्व्हेटिव्ह नेते पिएर पॉलिएव्ह वीसहून अधिक टक्क्यांनी पुढे होते, आणि पुढची निवडणूक त्यांच्या खिशात असल्यासारखी होती. त्यांचा सगळा मारा ट्रूडो आणि कार्बन कर या दोन लक्ष्यांवर होता. ट्रूडो गेले. मार्चमध्ये पंतप्रधान झालेल्या कार्नींनी, ज्यांनी तोवर एकही निवडणूक लढवली नव्हती, ग्राहकांवरचा कार्बन कर काढून टाकला. २८ एप्रिलच्या मतदानात ३४३ पैकी १६९ जागा लिबरलांना मिळाल्या, म्हणजे बहुमताला तीन कमी. न्यू डेमोक्रॅटिक पक्ष सातवर आला. पॉलिएव्ह तर २००४ पासून राखलेल्या स्वतःच्या मतदारसंघातच पडले. तिथल्या मतपत्रिकेवर ९१ उमेदवार होते. निवडणूक पद्धतीवर नाराज असलेल्या मंडळींनी निषेध म्हणून ती मतपत्रिका लांबवली होती. ऑगस्टमध्ये अल्बर्टातल्या पोटनिवडणुकीतून ते संसदेत परतले.

मग खर्चाची पाळी आली. ९ जूनला कार्नींनी जाहीर केलं की दोन टक्क्यांचं संरक्षणखर्चाचं उद्दिष्ट याच आर्थिक वर्षात गाठणार. त्याच महिन्यात हेगच्या परिषदेत नाटोने नवा आकडा ठरवला, २०३५ पर्यंत पाच टक्के. साडेतीन टक्के थेट लष्करावर, दीड टक्का बंदरं, रस्ते, सायबरसुरक्षा अशा पूरक गोष्टींवर. कॅनडाचं वार्षिक उत्पन्न तीन लाख कोटी डॉलरच्या आसपास आहे, म्हणजे पाच टक्के झाले वर्षाला दीडशे अब्ज. २०२५-२६ च्या सगळ्या तुटीच्या जवळजवळ दुप्पट. आकडा गाठायला थोडी हिशेबी चतुराईही लागते. तटरक्षक दल दुसऱ्या खात्यातून संरक्षण खात्याकडे आणलं गेलं, आणि नुनावुटमधली धावपट्टी त्या दीड टक्क्यात बसवता येते. तरीही बराचसा खर्च खरा आहे. सर्वांत खालच्या हुद्द्यावरच्या सैनिकांचा पगार वीस टक्क्यांनी वाढला, आणि आर्क्टिकसाठी दूरवरचं टिपणारं रडार ऑस्ट्रेलियाच्या तंत्रज्ञानावर उभारायचं ठरलं.

हा पैसा कुठून येणार, यावर कार्नींच्या सरकारने एक हिशेबपद्धत पुढे केली. रोजचा खर्च वेगळा, गुंतवणूक वेगळी. रोजचा खर्च २०२८-२९ पर्यंत जमेत बसवायचा आणि कर्ज फक्त गुंतवणुकीसाठी काढायचं. महसुली आणि भांडवली खर्चाची फोड वर्षानुवर्षं पाहत आलेल्या भारतीय वाचकाला यात नवं काही वाटणार नाही, आणि या फोडीत लबाडी कुठे शिरते तेही त्याला माहीत असतं. संसदेच्या स्वतंत्र अर्थसंकल्प अधिकाऱ्याने तेच बोट ठेवलं. नेहमीच्या व्याख्येने मोजलं तर ‘गुंतवणूक’ सरकारच्या आकड्यापेक्षा ९४ अब्जांनी कमी भरते, असं त्याच्या कार्यालयाने म्हटलं. दुसरीकडे नोकरकपातही आहे. सरकारी कर्मचाऱ्यांची संख्या कमाल पातळीपासून सुमारे चाळीस हजारांनी खाली आणायची आहे. १९९५ च्या पंचेचाळीस हजारांची आठवण ओटावातल्या कचेऱ्यांमध्ये निघाली नसेल तरच नवल.

जी-७ देशांत आमचं निव्वळ कर्ज सर्वांत कमी, असं कॅनडाचे मंत्री हमखास सांगतात. खोटं नाही, पण त्यात एक मेख आहे. निव्वळ कर्ज काढताना सरकारी मालमत्ता वजा होते, आणि त्यात कॅनडा पेन्शन प्लॅनचा सातशे अब्ज डॉलरहून मोठा निधीही धरला जातो. हा पैसा नोकरदारांनी म्हातारपणासाठी पगारातून कापून दिलेला आहे. तो गुंतवणारी संस्था सरकारपासून वेगळी आहे. जगभर ती समभाग, महामार्ग, इमारतींत पैसा घालते, आणि २०१५ पासून तिचं एक कार्यालय मुंबईतही आहे. पाणबुडीचा हप्ता भरायला हा निधी हाती लागणार नाही. व्याजाची स्थिती मात्र खरोखरच १९९५ सारखी नाही. २०२५-२६ मध्ये व्याजापोटी ५५.६ अब्ज जाणार होते, म्हणजे जमेच्या डॉलरमागे अकराएक सेंट. श्वास कोंडावा असा हा आकडा नाही, पण सरकार तुटीतून जितकं नवं कर्ज काढतं आहे, त्याच्या दोन तृतीयांशांहून अधिक रक्कम जुन्या कर्जाच्या व्याजाएवढीच आहे.

उरला व्यापार. अमेरिकेवरचं अवलंबित्व कमी करायचं, हे ओटावात सगळेच बोलतात. करायला गेलं की देशच दोन बाजूंना ताणला जातो. २०२४ मध्ये ऑन्टारिओतला मोटार उद्योग वाचवण्यासाठी आणि अमेरिकेच्या पावलावर पाऊल टाकून कॅनडाने चिनी विजेरी गाड्यांवर शंभर टक्के शुल्क लावलं. चीनने नेमकी दुखरी नस दाबली. त्याने आधी कानोलाचं तेल, पेंड आणि वाटाणा, मग खुद्द कानोलाचं बी शुल्काखाली आणलं. मोहरीच्या कुळातलं हे पीक कॅनडाच्याच शास्त्रज्ञांनी घडवलेलं. पिवळ्या फुलांनी भरलेली सस्कॅचेवान प्रांतातली शेतं त्यावरच जगतात. म्हणजे ऑन्टारिओच्या गाडीसाठी सस्कॅचेवानच्या शेतकऱ्याने किंमत मोजली. २०२६ च्या जानेवारीत कार्नी बीजिंगला गेले आणि तडजोड झाली. वर्षाला ४९ हजार चिनी गाड्या ६.१ टक्के शुल्काने येऊ द्यायच्या, बदल्यात कानोलावरचं ओझं हलकं होणार. सस्कॅचेवानचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, स्कॉट मो खूश, ऑन्टारिओचे डग फोर्ड संतापलेले, आणि ट्रम्प यांची शंभर टक्के शुल्काची नवी धमकी आठवडाभरात हजर.

फोर्ड यांच्या संतापाला कारण होतं. टोरोंटोच्या कुशीतल्या, भारतीयांनी गजबजलेल्या ब्रॅम्प्टन शहरात स्टेलांटिसचा कारखाना आहे. तिथे बनायची ठरलेली जीप कंपास ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीने अमेरिकेतल्या इलिनॉयला हलवली. सुमारे तीन हजार कामगारांचं भवितव्य टांगणीला लागलं.

भारताशीही खाती पुन्हा उघडली गेली. २०२३ मध्ये कॅनडात झालेल्या खलिस्तानवादी निज्जरच्या हत्येनंतर राजदूतांची हकालपट्टी होण्यापर्यंत संबंध ताणले होते. जून २०२५ मध्ये जी-७ परिषदेसाठी नरेंद्र मोदी कॅनडातल्या कनानास्किसला गेले आणि नोव्हेंबरात जोहान्सबर्गला व्यापक व्यापारकराराची बोलणी सुरू करायचं ठरलं. कॅनडाचा मसूर आणि वाटाणा भारतात वर्षानुवर्षं येतो, आणि इथे डाळीचे भाव पडले की दिल्ली त्यावर शुल्क चढवते. कॅनडाच्या प्रेअरी मैदानांतल्या शेतकऱ्याला लातूरच्या डाळबाजाराचे चढउतार असे हजारो मैलांवरून जाणवतात.

अंतर्गत बाजाराची कथा तर चमत्कारिक आहे. न्यू ब्रन्सविकमधल्या एका निवृत्त गृहस्थाने २०१२ मध्ये शेजारच्या क्वेबेकमधून स्वस्तात बिअरची खोकी आणली म्हणून त्याला दंड झाला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २०१८ मध्ये न्यायालयाने प्रांताच्या बाजूने कौल दिला. जगाशी मुक्त व्यापाराचे करार करणाऱ्या देशात प्रांताची वेस ओलांडताना बिअर अडत होती. जून २०२५ च्या कायद्याने संघीय पातळीवरचे असे अडसर दूर केले, मात्र बरेचसे अडसर प्रांतांच्या हातात आहेत आणि ते सावकाश हलतात.

मोठे निर्णय अजून बाकी आहेत. अमेरिकेकडून ८८ एफ-३५ विमानं घ्यायचं २०२३ च्या जानेवारीत ठरलं तेव्हा किंमत सांगितली होती १९ अब्ज. २०२५ मध्ये महालेखापालांनी ती २७.७ अब्ज असल्याचं दाखवलं. मार्च २०२५ मध्ये कार्नींनी फेरविचार सुरू केला. पहिल्या सोळा विमानांचे पैसे बांधले गेले आहेत, आणि बाकीच्यांसाठी स्वीडनच्या ग्रिपेनचं नाव पुढे येतं. साब कंपनी ती कॅनडातच बांधायची तयारी दाखवते. ग्रिपेनचं इंजिन अमेरिकन कंपनीचं आहे, ही माहिती मात्र उत्साहाच्या भरात मागे पडते. उत्तर अमेरिकेतल्या व्यापारकराराचा आढावा जुलै २०२६ मध्ये ठरलेला आहे, तेव्हा विमानांचा निर्णय त्याच्या आधी घ्यायचा की नंतर, हाही सौद्याचाच भाग होऊन बसतो.

पाणबुड्यांच्या शर्यतीत दोघे उरले आहेत. जर्मनीची टीकेएमएस आणि दक्षिण कोरियाची हानव्हा ओशन. कॅनडाला बारापर्यंत पाणबुड्या हव्या आहेत, आणि कोरियाने पहिल्या चार २०३५ पर्यंत देऊ असं सांगितलं आहे. निविदेत बोट कशी आहे एवढंच पाहिलं जाणार नाही. कॅनडात किती कारखाने येतील, किती हातांना काम मिळेल, यालाही गुण आहेत. जर्मनी असो की कोरिया, दोघेही मोटारी बनवणारे देश आहेत, आणि ऑन्टारिओत मोटारीचे कारखाने रिकामे पडू लागले आहेत.